घरी पॉवर सप्लाय बनवताना आधी करंटचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ब्रेडबोर्डवर सर्किट बनवायला शिकतो आहे. आतापर्यंत ९ व्होल्टच्या बॅटरीवर आणि मोबाइलच्या चार्जरवर भागवलं. आता शून्य ते ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडजस्टेबल पॉवर सप्लाय स्वतः बनवायचा आहे. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (त्याच्या आतला पॉवर सप्लाय) पडून आहे, तो वापरू, एलएम३१७ ही रेग्युलेटर आयसी वापरू, की व्होल्टेज कमी करणारं तयार बक कन्व्हर्टरचं मॉड्यूल आणू? मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, वायरिंगचा अनुभव नाही."

तुम्ही विचारलंय की कोणता भाग घेऊ. पण त्याच्या आधीचा प्रश्न सुटल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही, तो म्हणजे या सप्लायवर तुम्ही काय चालवणार आहात? ३० व्होल्ट आणि ५ अँपिअर हे आकडे जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस लिहितो, कारण दुकानातल्या सप्लायवर ते छापलेले असतात. जरा हिशेब करून बघा. लिनिअर पद्धतीच्या, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकणाऱ्या, सप्लायला ३० व्होल्ट द्यायचे तर आत किमान ३६ व्होल्ट लागतात. त्याच सप्लायवर तुम्ही ३.३ व्होल्ट लावून ५ अँपिअर घेतले की उरलेले ३२.७ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडतात, म्हणजे १६० वॅटहून जास्त उष्णता. एवढी उष्णता बाहेर काढायला मोठा हीटसिंक, पंखा आणि तीन-चार ट्रान्झिस्टर लागतात. आणि ज्या ब्रेडबोर्डवर हे सगळं जोडायचं, त्याच्या क्लिपा १ अँपिअरच्या पुढे तापायला लागतात.

मी गेली २२ वर्षं दुरुस्ती आणि छोटी सर्किट बनवण्याचं काम करतो. टेबलावर दोन सप्लाय कायम चालू असतात. त्यांच्यावर दिवसभरात जे लावतो त्यातलं बहुतेक ३.३, ५, ९ किंवा १२ व्होल्टचं असतं आणि करंट ३०० मिलिअँपिअरच्या आत. मोटर, एलईडीच्या पट्ट्या किंवा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर असला तरच जास्त लागतो. तुमचं काम मुख्यतः त्या प्रकारचं असेल तर पुढचं बरंच बदलेल, तेही सांगतो. पण तुम्ही शिकताय आणि ब्रेडबोर्डवर काम करताय, हे धरून चालतो.

आता मुख्य मुद्दा. टेबलावरचा सप्लाय आणि साधा अ‍ॅडॅप्टर यांच्यातला खरा फरक व्होल्टेज फिरवता येण्यात नाही. तो करंटची मर्यादा फिरवता येण्यात आहे. तुम्ही नुकतंच सोल्डर केलेलं सर्किट पहिल्यांदा चालू करता तेव्हा त्यात काहीतरी उलटं लागलेलं असण्याची शक्यता भरपूर असते. सर्किटला २० मिलिअँपिअर लागणार हे तुम्हाला माहीत असतं. सप्लायची लिमिट ३० वर लावली आणि आत शॉर्ट असला, तर सप्लाय तेवढेच ३० मिलिअँपिअर देतो आणि व्होल्टेज खाली आणतो. मीटरवर ५ च्या जागी ०.४ दिसतं. काहीही जळत नाही. तुम्ही शांतपणे शॉर्ट शोधता, सोल्डरचा थेंब काढता आणि पुन्हा चालू करता. हीच चूक ज्या सप्लायला लिमिट नाही त्याच्यावर झाली, तर पीसीबीची पट्टी उचलली जाते किंवा आयसीला भोक पडतं. शिकणाऱ्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नुकसान सुट्या भागांचं होतं तसं धीराचंही होतं, आणि धीर खचल्यामुळे हा नाद सोडून दिलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत.

या नजरेने तुमचे तिन्ही पर्याय बघू.

कॉम्प्युटरचा एसएमपीएस उत्तम वस्तू आहे, पण या कामासाठी नाही. त्याची १२ व्होल्टची लाइन दहा-वीस अँपिअर सहज देते आणि त्याचं संरक्षण त्याच्याही पुढे कुठेतरी जागं होतं. ब्रेडबोर्डवर शॉर्ट झाला तर एसएमपीएसच्या लेखी काही घडलेलंच नसतं, आणि तुमची बारीक वायर मात्र लाल होते. शिवाय त्याचा मायनस बहुधा अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे दोन सप्लाय सिरीजमध्ये जोडून प्लस-मायनस व्होल्टेज बनवणं जमत नाही. त्याच्या आत हात घालून व्होल्टेज बदलायचे उद्योग तर अजिबात करू नका. मेन्सवरून आलेलं ३०० व्होल्टहून जास्त डीसी आतल्या कपॅसिटरमध्ये असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतं.

बक कन्व्हर्टरचं मॉड्यूल स्वस्त पडतं, तापतं कमी, आणि काही मॉड्यूलवर करंट लिमिटसाठी दुसरा स्क्रू असतो. मोटर, एलईडीच्या पट्ट्या, बॅटरी चार्ज करणं यासाठी मी ते आनंदाने वापरतो. पण त्याच्या आउटपुटला काहीशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, आणि सेन्सर किंवा ऑडिओच्या कामात त्याचा स्विचिंगचा आवाज सिग्नलमध्ये घुसतो. कपॅसिटर का नडतो ते खाली येतंच.

राहिली एलएम३१७. सत्तरच्या दशकात नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिन यांनी एलएम११७ ही आयसी बनवली, त्याच कुटुंबातली ही. तीन पायांची, १.५ अँपिअरपर्यंतची, जास्त तापली तर स्वतःच करंट कमी करणारी. तिच्यात आतून करंट लिमिट आहे, पण ती दीड अँपिअरच्या पुढची, आपल्या हातात नसलेली. म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा: एक नको, दोन एलएम३१७ घ्या. पहिली करंट धरेल, दुसरी व्होल्टेज. आणि मेन्सच्या ऐवजी १९ व्होल्टचा लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर वापरा. मेन्सचं सगळं काम त्या बंद डब्यातच राहतं आणि तुमच्या डब्यात येतं ते फक्त १९ व्होल्ट डीसी. यातून मिळतील साधारण सव्वा ते पावणेतेरा व्होल्ट, अर्ध्या अँपिअरपर्यंत. आकडा ऐकायला लहान वाटेल. पण वर सांगितलेल्या माझ्या दिवसभराच्या कामातलं बहुतेक यात बसतं.

जोडणी अशी. अ‍ॅडॅप्टरच्या प्लसवर आधी १ अँपिअरचा फ्यूज, कारण अ‍ॅडॅप्टर स्वतः तीन-चार अँपिअर देऊ शकतो. मग पहिल्या एलएम३१७ चा इनपुट. ही आयसी एकच गोष्ट जाणते: आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट राखायचे. म्हणून आउटपुटला एक रेझिस्टर लावायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅडजस्ट पाय जोडायचा आणि तिथूनच पुढे करंट न्यायचा. आता रेझिस्टरवर १.२५ व्होल्टपेक्षा जास्त पडू शकत नाही, म्हणजे करंट १.२५ भागिले रेझिस्टर याच्या पुढे जाऊ शकत नाही. ३९ ओम लावला तर ३२ मिलिअँपिअर, १२ ओम लावला तर १०४, ४.७ ओमला २६६, २.४ ओमला ५२०. हे चार रेझिस्टर एका रोटरी स्विचवर लावा. शेवटच्या रेझिस्टरमध्ये ०.६५ वॅट खर्च होतात, म्हणून तो २ वॅटचा घ्या.

इथे पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, का नाही, असं वाटेल. कारण हा करंट पूर्णपणे पॉटच्या सरकत्या काट्यातून जाईल, आणि साधा पॉट अर्धा अँपिअर सोसत नाही, काट्याखालचा कार्बन जळतो. स्विचच्या चार जागा पुरतात. फिरवताना मधल्या क्षणी जोडणी सुटली तरी करंट शून्याकडे जातो, वर नाही, त्यामुळे ही चूक सुरक्षित बाजूला पडते. सर्किट बनवताना मी कायम हे बघतो, की एखादी वायर तुटली, संपर्क सुटला, तर आउटपुट कुठे जाईल?

दुसरी एलएम३१७ नेहमीच्या पद्धतीने. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यामध्ये १२० ओम, अ‍ॅडजस्ट आणि मायनस यांच्यामध्ये पॉट. अनेक सर्किटांत १२० च्या ठिकाणी २४० ओम दिसतो. तो एलएम११७ साठी बरोबर आहे. एलएम३१७ ला स्थिर राहायला कमीत कमी लोड लागतो, आणि डेटाशीटनुसार तो १० मिलिअँपिअरपर्यंत असू शकतो. १२० ओममधून १०.४ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे काहीही न जोडता सप्लाय ठेवला तरी व्होल्टेज वर सरकत नाही. २४० ओम लावून "लोड नसताना व्होल्टेज चढतं" अशी तक्रार करणारे बरेच भेटतात, त्याचं कारण एवढंच.

पॉट २.२ किलोओमचा घ्या आणि त्याला समांतर २.२ किलोओमचाच रेझिस्टर लावा. पॉट पूर्ण फिरवल्यावर दोघांचे मिळून १.१ किलोओम होतात आणि आउटपुट १.२५ × (१ + ११००/१२०), म्हणजे १२.७ व्होल्ट येतं. अ‍ॅडजस्ट पायातून साधारण ५० मायक्रोअँपिअर वाहतात, त्यांची त्यात किंचित भर पडते. या समांतर रेझिस्टरचा एक फायदा असा की पॉटच्या सगळ्या फिरण्याचा उपयोग होतो. ५ किलोओमचा पॉट लावला असता तर पाव फेरीतच सगळं संपलं असतं आणि पुढे नुसतंच फिरवत बसला असता. पॉटचा काटा त्याच्या मोकळ्या टोकाला जोडायला विसरू नका. जुन्या पॉटमध्ये काट्याचा संपर्क क्षणभर सुटतो. काटा टोकाला जोडलेला असेल तर तेव्हा आउटपुट फार तर पावणेतेरावर जाईल. नसेल तर अ‍ॅडजस्टखाली फक्त समांतर रेझिस्टर उरेल आणि आउटपुट जितकं वर जाता येईल तितकं जाईल. अर्थात ५ व्होल्टच्या सर्किटला पावणेतेरा व्होल्टही मारकच आहेत, म्हणून पॉट चांगल्या प्रतीचा घ्या. या एका ठिकाणी कंजुषी करू नका.

१२० ओमचा रेझिस्टर आयसीच्या पायालगतच सोल्डर करा, आणि पॉटचं खालचं टोक आउटपुटच्या मायनस टर्मिनलपर्यंत स्वतंत्र वायरने न्या. मधल्या वायरमध्ये लोडचा करंट वाहत असेल तर तिच्यावर पडलेलं व्होल्टेज मोजमापात मिसळतं आणि लोड वाढला की आउटपुट खाली बसतं.

आता कपॅसिटर. दोन्ही आयसींच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, पायांजवळ. दुसरीच्या अ‍ॅडजस्ट पायाला १० मायक्रोफॅरड, त्याने रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली लहर, बरंच कमी होतं. आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ चा सिरॅमिक. बस. "सप्लाय स्मूथ व्हावा" म्हणून आउटपुटला १००० मायक्रोफॅरड लावायचा मोह अनेकांना होतो, आणि त्याने सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. कारण तो कपॅसिटर तुमच्या करंट लिमिटच्या पुढे बसलेला आहे. लिमिट ३२ मिलिअँपिअरवर असली तरी शॉर्ट होताच कपॅसिटरमधला साठा कुणालाही न विचारता बाहेर पडतो. १२ व्होल्टला १००० मायक्रोफॅरडमध्ये ७२ मिलिज्यूल असतात, १० मायक्रोफॅरडमध्ये ०.७२. रेझिस्टरशिवाय जोडलेला एलईडी १००० च्या झटक्यात जळू शकतो, १० च्या झटक्यात बचावण्याची शक्यता बरीच जास्त. बक मॉड्यूलबद्दल माझी तक्रार हीच होती. स्क्रूवर लिमिट लावलेली असते, पण पहिला झटका कपॅसिटर देतो.

डायोड तीन, सगळे १एन४००७. एक दुसऱ्या आयसीच्या आउटपुटकडून इनपुटकडे, एक अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे आणि एक आउटपुट टर्मिनलांवर उलटा. पहिले दोन कपॅसिटरचा उलटा करंट आयसीबाहेरून नेतात, तिसरा मोटर किंवा रिलेने दिलेला उलटा धक्का सोसतो. बॅटरी चार्ज करायची असेल तर प्लसमध्ये आणखी एक डायोड सिरीजला लावा, नाहीतर सप्लाय बंद केल्यावर बॅटरी उलट आत रिकामी होते.

करंट लिमिटचं एक बारीक गणित लक्षात ठेवा. ३२ मिलिअँपिअर हे दुसऱ्या आयसीसकट आहेत. तिच्या १२० ओम आणि पॉटमधून दहा मिलिअँपिअरपर्यंत जातात, म्हणून लोडला मिळतात २२ ते ३०. लिमिट लागून आउटपुट जितकं खाली येतं तितका हा वाटा कमी होतो. पहिल्या चालू करण्याच्या वेळी याने काही बिघडत नाही, पण मीटर लावून बघाल तेव्हा आकडे का जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका.

उष्णतेचा हिशेब. ३.३ व्होल्टला अर्धा अँपिअर घेतला तर पहिली आयसी आणि तिचा रेझिस्टर मिळून सव्वातीन व्होल्ट खातात, म्हणजे १.६ वॅट. दुसरीवर साडेबारा व्होल्ट पडतात, सव्वासहा वॅट. एकूण आठ धरा. टीओ-२२० आवरणात चिपपासून धातूच्या पाठीपर्यंत दर वॅटला साधारण ५ अंश चढतात, अभ्रकाचा तुकडा आणि पेस्ट मिळून १ अंश, हीटसिंक ३ अंशाचा घेतला तर तो स्वतः २४ अंश तापतो. खोलीचं तापमान ३० धरलं तर चिप साधारण ९० अंशावर येते. मर्यादा १२५ आहे, म्हणजे निवांत. आउटपुट शॉर्ट असताना ओझं पहिलीवर जातं, तेही साधारण आठ वॅटच. हेच १ अँपिअरने केलं तर दोन्ही आकडे दुप्पट होतात आणि आयसी गरम होऊन स्वतःला बंद करायला लागते. मी अर्ध्या अँपिअरवर थांबलो ते यामुळे. डेटाशीटवरचा दीड अँपिअर खोटा नाही, पण तो तेव्हाच मिळतो जेव्हा इनपुट आणि आउटपुट जवळजवळ असतात.

एलएम३१७ ची धातूची पाठ तिच्या आउटपुट पायालाच जोडलेली असते. दोन आयसी एकाच हीटसिंकवर नुसत्या कसल्या तर दोघींचे आउटपुट एकमेकांना शॉर्ट होतील. म्हणून दोघींखाली वीज न वाहू देणारं अभ्रक, स्क्रूला प्लॅस्टिकची बुशी, आणि कसल्यावर मल्टिमीटरने खात्री. अभ्रकाखाली धातूचा बारीक कीस राहिला की तो टोचून पलीकडे जातो, त्यामुळे भोक पाडल्यावर कड हाताने साफ करा.

इथवरचं एकदा जुळवून सांगतो: लॅपटॉप अ‍ॅडॅप्टर, १ अँपिअरचा फ्यूज, करंटसाठी पहिली एलएम३१७ आणि चार रेझिस्टरांचा स्विच, व्होल्टेजसाठी दुसरी एलएम३१७, आउटपुटला मुद्दाम लहान कपॅसिटर. समोर व्होल्टेज दाखवायला कोणताही छोटा मीटर चालेल, त्याला वीज मात्र अ‍ॅडॅप्टरकडून द्या, आउटपुटकडून नको. अ‍ॅडॅप्टरचा मायनस अर्थला जोडलेला आहे का, ते प्लग काढलेला असताना ओममीटरने बघून डब्यावर लिहून ठेवा. ऑसिलोस्कोप लावाल तेव्हा ते उपयोगी पडेल, कारण स्कोपचा ग्राउंड क्लिपही अर्थला जोडलेला असतो. आणखी एक अडचण: अ‍ॅडॅप्टर स्वतः स्विचिंगवाला आहे आणि उंच वारंवारतेचा कचरा एलएम३१७ फारसा अडवत नाही. डिजिटल कामात जाणवणार नाही. मायक्रोफोनच्या प्रीअ‍ॅम्पसारखं काही करत असाल तर जाणवेल. तेव्हा ट्रान्सफॉर्मरकडे वळावं लागतं.

ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय हा तुमचा दुसरा प्रकल्प असू द्या. त्यात लोक कुठे फसतात तेवढं आताच सांगून ठेवतो, कारण ३० व्होल्टचं स्वप्न तिकडेच नेणार आहे.

२४ व्होल्ट ३ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवरून ३० व्होल्ट ३ अँपिअर देण्याचा दावा करणारी सर्किटं भरपूर फिरतात. हिशेब मांडा. २४ गुणिले १.४१४ म्हणजे ३४ व्होल्टचं शिखर. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजचे दोन डायोड २ व्होल्ट खातात, उरले ३२. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरला जातो, मधल्या वेळात लोड त्याच्यावरच जगतो. कपॅसिटर ३३०० मायक्रोफॅरडचा धरून ३ अँपिअर गुणिले ०.०१ सेकंद भागिले ३३०० मायक्रोफॅरड केलं तर व्होल्टेज ९ व्होल्टांनी खाली येतं. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण भरण्याचा काळही त्या दहात असतो. तरी दोन शिखरांमधल्या दरीत २३-२४ व्होल्टच उरतात, आणि ट्रान्झिस्टरला लागणारे दोन-तीन अजून वजा व्हायचे आहेत. ३० कुठून येणार? शिवाय ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर ट्रान्सफॉर्मरमधून करंट सलग जात नाही, लहान आणि उंच झटक्यांनी जातो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर जो एसी करंट लिहिला आहे त्याच्या साधारण ०.६ पटच डीसी घ्यायचा. ३ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून १.८.

उलट बाजूही बघावी लागते. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्या व्होल्टेजपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त देतो, आणि मेन्स १० टक्के चढलेलं असू शकतं. मग त्याच २४ चे कपॅसिटरवर ४२ व्होल्ट होतात. एलएम३१७ च्या इनपुट-आउटपुटमधला फरक ४० च्या पुढे जाता कामा नये. एलएम३५८ या ऑपअँपची (दोन व्होल्टेजची तुलना करून ट्रान्झिस्टर हाकणाऱ्या आयसीची) मर्यादा ३२ आहे, टीएल०८१ ची एकूण ३६. अशा सर्किटात ऑपअँप काही महिने चालतात आणि एक दिवस आउटपुट पूर्ण वर चढवून मरतात. म्हणून मी १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सुचवतो: ३ अँपिअरचा, १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर, दोन २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर समांतर, प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओम. यातून १५ व्होल्ट दीड अँपिअर मेन्स खाली असतानाही मिळतात, आणि आउटपुट शॉर्ट झाल्यावर होणारे ३४ वॅट चांगला हीटसिंक पंख्याशिवाय सोसतो.

त्यात व्होल्टेज आणि करंट दोन्ही ऑपअँपने धरले जातात, त्यामुळे लिमिट पॉटने सलग फिरवता येते. करंट मोजायला ०.१ ओमचा शंट लावाल तेव्हा मोजण्याच्या वायरी रेझिस्टरच्या अगदी पायांवरून घ्या. अर्धा चौरस मिलिमीटरची १० सेंटिमीटर वायर मध्ये आली तरी ३.४ मिलिओम वाढतात, म्हणजे मोजमाप ३.४ टक्के चुकलं. पॉटच्या काट्यापासून मायनसला एक मोठा रेझिस्टर लावला की काटा सुटल्यावर आउटपुट शून्याकडे जातं. एलएम३१७ मध्ये जे जमत नव्हतं ते इथे जमतं.

आणि एक चाचणी कधीही वगळू नका. माझ्या पहिल्या ऑपअँपवाल्या सप्लायला शून्यापर्यंत खाली जाता यावं म्हणून उणे ५ व्होल्टची छोटी लाइन होती. तिचा कपॅसिटर लहान होता. सप्लाय बंद केला की ती लाइन आधी संपायची, मुख्य कपॅसिटर मात्र भरलेलाच असायचा, आणि त्या क्षणी ऑपअँप ट्रान्झिस्टरला पूर्ण उघडून द्यायचा. ३.३ व्होल्टवर चालणारा बोर्ड जोडलेला होता. मी निवांत स्विच बंद केला आणि बोर्ड गेला. कारण कळायला आठवडा लागला, कारण चालू असताना सगळं बरोबर दिसत होतं. तेव्हापासून कोणताही सप्लाय, विकत घेतलेलासुद्धा, मी आधी ३.३ वर लावून स्कोपसमोर वीस वेळा चालू-बंद करतो. उपाय साधा आहे: एसी नाहीसा होताच ट्रान्झिस्टरचा बेस खाली ओढणारा एक छोटा ट्रान्झिस्टर.

मेन्सच्या कामाबद्दल मात्र एक अट आहे. अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय पहिल्यांदा करू नका. फ्यूज फेजमध्ये, स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, धातूच्या डब्याला अर्थची वायर स्वतंत्र बोल्टने आणि दातेरी वॉशरने कसलेली. केबल आत येते तिथे ताण घेणारी पकड, म्हणजे बाहेरून ओढलं तरी सोल्डरवर ताण येणार नाही. मेन्सचा एकही जोड उघडा दिसता कामा नये. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या सिरीजमध्ये जुन्या पद्धतीचा, फिलामेंटचा ६० वॅटचा दिवा ठेवा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि फ्यूज उडण्याऐवजी दिवा लागला एवढंच झालं. आउटपुट अर्थपासून सुटं ठेवा, आणि पुढच्या पाटीवर प्लस, मायनस आणि अर्थ अशी तीन टर्मिनल द्या. गरज असेल तेव्हा पट्टीने जोडता येतात.

आता परत तुमच्या पहिल्या सप्लायकडे. जोडून झाला की लगेच सर्किटला लावू नका. आधी काही न जोडता व्होल्टेज खालपासून वरपर्यंत फिरवा. मीटरवरचा आकडा मध्येच उडी मारत असेल तर पॉट खराब आहे. मग आउटपुटला १० ओम १० वॅटचा रेझिस्टर, लिमिट शेवटच्या जागी, व्होल्टेज ४. दहा मिनिटं ठेवा आणि हीटसिंकला हात लावून बघा. गरम लागेल, पण बोट ठेवता आलं पाहिजे. त्यानंतर गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा जोडा. या दिव्याला पूर्ण तेजाने लागायला पावणेदोन अँपिअर लागतात आणि थंड असताना तर तो जवळजवळ शॉर्टच असतो. तुमचा सप्लाय त्याला अर्धा अँपिअरच देईल. दिवा मंद तांबूस लागेल, मीटरवर १२ च्या जागी एक-दोन व्होल्ट दिसतील आणि फ्यूज शाबूत असेल. स्विच एकेक जागा खाली आणत जा, दिवा विझत जाईल. तो पूर्ण विझल्यावर, ३२ मिलिअँपिअरच्या जागेवर स्विच ठेवून, तुमचं पहिलं सर्किट जोडा.